“नक्की पुसायचं ना?” : एका प्रश्नाचा इतिहास

शाळेच्या संगणकखोलीत एक गोष्ट नेहमी बघायला मिळते. विद्यार्थी एखादी फाईल निवडतो आणि ‘डिलीट’ची कळ दाबतो. पडद्यावर एक चौकट उमटते : ही फाईल नक्की काढून टाकायची आहे का? चौकट नीट दिसायच्या आतच त्याचं बोट ‘एंटर’वर पडलेलं असतं. त्या चौकटीत काय लिहिलं होतं, असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. मग वर्गातून हमखास प्रश्न येतो : कुणी वाचतच नाही तर ही चौकट हवी कशाला? ती बंद करता येते का?

बंद करता येते. विंडोजमध्ये रिसायकल बिनच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबावी, ‘प्रॉपर्टीज’ निवडावं आणि तळाशी असलेल्या चौकोनातली खूण काढावी. एक मिनिटाचं काम आहे. गंमत म्हणजे २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही खूण मुळातच काढलेली असते. १९९५ च्या विंडोजपासून सतरा वर्षं जो प्रश्न न चुकता विचारला जात होता, तो बनवणाऱ्यांनीच गुंडाळून ठेवला. असं का झालं? आणि त्यात धोका नाही का? याचं उत्तर शोधायचं तर संगणकाच्या बरंच मागे जावं लागेल. कारण लिहिलेलं पुसण्याची भीती आणि पुसण्यापूर्वीची खबरदारी या दोन्ही गोष्टी लेखनाइतक्याच जुन्या आहेत.

धूळपाटीवरचं गणित

आपल्याकडे गणिताला ‘पाटीगणित’ असं जुनं नाव आहे. ही पाटी म्हणजे दगडी पाटी नव्हे. लाकडाच्या फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची आणि त्यात बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे. ‘धूलीकर्म’ हा शब्द यातूनच आला. मुलं ‘धुळाक्षरं गिरवत’ ती अशाच पाटीवर.

धूळपाटीची सोय अशी की पुसायला काहीच कष्ट नाहीत. त्या काळची गणिताची रीतही या सोयीवरच बेतलेली होती. ३२५ ला २४३ ने गुणायचं असेल तर एकेक अंक घेऊन गुणाकार करायचा, जुना अंक पुसायचा, त्याच जागी नवा लिहायचा, गुणक एक घर सरकवायचा आणि पुन्हा पुसायचं. शेवटी पाटीवर ७८,९७५ हे उत्तर उरतं. मधल्या सगळ्या पायऱ्या गेलेल्या असतात. उत्तर चुकलं असेल तर ते कुठे चुकलं हे शोधायला काहीच शिल्लक नसतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची!

ही अडचण ज्यांनी लेखी मांडली त्यांपैकी एक म्हणजे दमास्कसचा गणिती अल-उक्लिदिसी. भारतीय अंकपद्धतीवरचा त्याचा ग्रंथ इसवी सन ९५२-५३ मधला आहे. त्यात त्याने धुळीऐवजी शाई आणि कागद वापरून गणित कसं करायचं ते दाखवलं. शाईने लिहिलेलं सहज पुसता येत नाही, म्हणून त्याला गणिताची रीतच बदलावी लागली. अंक पुसून बदलण्याऐवजी नवे अंक दुसऱ्या जागी लिहायचे. आज आपण वहीत गुणाकार करताना ओळीखाली ओळ लिहितो आणि मग बेरीज करतो ते याच वाटेने. शिक्षक ‘पायऱ्या दाखवा’ म्हणतात तेव्हा ते नकळत धूळपाटीविरुद्ध कागदाची बाजू घेत असतात. पुसणं महाग झालं, आणि त्यामुळे चूक शोधणं शक्य झालं. ही गोष्ट लक्षात ठेवूया, पुढे तिची गरज लागणार आहे.

हरताळ आणि लाल शाई

कागदावर लिहिताना चूक झाली तर काय करायचं? हस्तलिखितं उतरून काढणारे लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक संयुग. ते विषारी असतं, त्यामुळे कीडही दूर राही. लेप वाळला की त्यावर दुरुस्त अक्षर लिहायचं. एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ते यावरून. कार्यालयात वापरतात त्या पांढऱ्या दुरुस्तीच्या शाईचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

हरताळाने चूक झाकली जाई, पण इथे काहीतरी झाकलं आहे हे दिसत राही. एखाद्या पोथीत तेवढं पुरतं. सरकारी आणि शाळेच्या दप्तरात मात्र नियम याहून कडक असतो. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवा. त्यात खाडाखोड चालत नाही. विद्यार्थ्याचं नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर मुख्याध्यापकांना ती परस्पर बदलता येत नाही, शिक्षण विभागाची मंजुरी लागते. मंजुरी आल्यावरही जुनी नोंद खरवडून काढत नाहीत. तिच्यावर अशी रेघ मारतात की खालचं वाचता यावं. शेजारी लाल शाईने नवी नोंद, आदेशाचा क्रमांक, तारीख आणि सही. एका मुलाची जन्मतारीख पुढे नोकरी, निवृत्तीवेतन, निवडणूक अशा कितीतरी ठिकाणी कामाला येते. म्हणून ती ‘पुसण्या’वर इतके पहारे.

यात दोन वेगळ्या युक्त्या एकत्र आलेल्या दिसतात. पहिली : पुसायचं की नाही हे एकट्याने ठरवायचं नाही. दुसरी : पुसलं तरी मूळ नोंद वाचता यायला हवी.

मोऱ्याचं बंदर आणि सातबाऱ्यावरचा कंस

पहिल्या युक्तीचं एक जुनं रूप बघायला मोऱ्याला जाऊ. मोरा हे उरणचं बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या लाँच इथे लागतात. एकोणिसाव्या शतकात उरण हा पनवेल तालुक्यातला महाल होता, आणि हा भाग दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता : मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. दोन्ही मालांवर सरकारचा कर होता आणि मुंबईची बाजारपेठ समोरच, खाडीपलीकडे होती. कर भरण्याआधी माल बाहेर गेला की तो परत येणार नाही. अशा मालाच्या गोदामांना दुहेरी कुलूप लावायची पद्धत अबकारी कारभारात रूढ होती. एक किल्ली मालकाकडे, दुसरी सरकारी अधिकाऱ्याकडे. सरकारी तिजोऱ्यांतही हीच रीत असते. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एकाच माणसाला दोनदा “नक्की ना?” असं विचारण्यापेक्षा दोन वेगळ्या माणसांना एकेकदा विचारणं अधिक भरवशाचं, हा अनुभव त्यामागे आहे.

दुसऱ्या युक्तीचं उदाहरण याच भागातल्या प्रत्येक घरात माहीत आहे : सातबारा. जमीन विकली गेली किंवा खातेदार मरण पावला की सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १४९ आणि १५० या कलमांत त्याची रीत सांगितलेली आहे. आधी वर्दी द्यायची. तलाठी ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहितो. नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत लिहून चौकशी होते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एवढं झाल्यावरच सातबारा बदलतो.

आणि बदलतो तो कसा? जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहितात. पुढच्या पिढीतल्या कुणालाही त्या क्रमांकाचा माग काढत मागे जाता येतं : हे नाव कोणत्या साली, कोणत्या कारणाने गेलं, आणि त्या वेळी कुणाकुणाला नोटीस मिळाली होती. वारस म्हणून जिचं नाव लागायचं राहून गेलं अशा बहिणीला चाळीस वर्षांनीही आपला हक्क सांगता येतो तो या कंसाच्या आधारावर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादित करायचं ठरलं. तेव्हा आणि नंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेतही, कागदावर नाव आहे की नाही यावर कित्येक कुटुंबांचं पुढचं आयुष्य ठरलं. अशा ठिकाणी पुसलेलं परत मिळणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

पुढे सातबारा संगणकावर आला. कागदावरची लाखो नावं टंकून घेताना चुका होणारच. म्हणून २०१७ साली गावोगावी ‘चावडी वाचन’ झालं. संगणकीकृत उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले आणि चुका सांगायला बोलावलं. पडद्यावरच्या “नक्की ना?” या प्रश्नाचंच हे रूप म्हणता येईल, फरक इतकाच की तो सगळ्या गावाला विचारला गेला.

मुकी आज्ञा

आता संगणकाकडे येऊ. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली तयार केली. तिची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. फाईल काढून टाकायची आज्ञा तेव्हापासून फक्त दोन अक्षरांची आहे : ‘आरएम’. ती काहीही विचारत नाही, आणि काम झालं असंही सांगत नाही. गप्पपणे पुसते.

हा उद्धटपणा नव्हता. त्या काळी संगणकाशी बोलायचं साधन म्हणजे टेलिटाइप, विजेवर चालणारा टंकलेखकच. तो सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापायचा. प्रत्येक फालतू वाक्य म्हणजे दोन-चार सेकंद आणि वीतभर कागद. शिवाय आज्ञा देणारे सगळे जाणकार. पुढे ज्यांना हवं त्यांच्यासाठी या आज्ञेला एक पर्याय जोडला गेला. तो लावला तर ती प्रत्येक फाईलमागे विचारते. म्हणजे युनिक्सच्या जगात प्रश्न मुळात बंद होता, हवा असेल त्याने तो सुरू करायचा होता.

या गप्पपणाची किंमत किती असू शकते याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना कुणीतरी हीच आज्ञा चुकीच्या जागी दिली. चित्रपटातली पात्रं आणि दृश्यं एकामागून एक नाहीशी होऊ लागली. राखून ठेवलेल्या प्रती बघायला गेले तर त्याही नीट घेतल्या जात नव्हत्या असं कळलं. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेने बाळंतपणाच्या काळात घरून काम करण्यासाठी एक संगणक घरी नेला होता. त्यावर बऱ्यापैकी अलीकडची प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

‘वाय’ दाबा

१९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक आला आणि त्याबरोबर डॉस. आता संगणकासमोर बसणारा माणूस तज्ज्ञ असेलच असं नव्हतं. डॉसमध्ये एक फाईल पुसायला सांगितली तर ती मुकाट्याने पुसली जाई. पण ‘सगळ्या फाईली पुसा’ असं सांगितलं की ते विचारत असे : नक्की ना? ‘वाय’ किंवा ‘एन’ दाबा. एकासाठी विचारायचं नाही, सगळ्यांसाठी विचारायचं, हा भेद विचारपूर्वक केलेला होता.

भारतीय शाळांत संगणक आला तो याच सुमारास. १९८४ मध्ये ‘क्लास’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि सुरुवातीला सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश संगणक मिळाले. या यंत्राच्या चकतीप्रणालीत एक मजेशीर सोय होती. अनेक फाईली एका फटक्यात नष्ट करणारी आज्ञा नुसती दिली तर यंत्र ती मानत नसे. तिच्या लगेच आधी ‘एनेबल’ ही वेगळी आज्ञा टंकावी लागे. म्हणजे माणसानेच आधी “मी आता धोक्याचं काम करणार आहे” असं जाहीर करायचं. दुहेरी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती, पण दोन वेगळ्या हालचालींनी फिरवायच्या.

डॉसच्या प्रश्नावर मात्र लोकांनी लवकरच तोड काढली. एका ओळीची युक्ती सर्वत्र पसरली : ‘वाय’ हे अक्षर आधीच छापून ते पुसण्याच्या आज्ञेच्या तोंडात भरवायचं. मग यंत्रच विचारी आणि यंत्रच “हो” म्हणे. प्रश्न बंद करण्याची ही पहिली लोकमान्य रीत म्हणता येईल. आणि ज्याला ही युक्ती माहीत नव्हती त्याचं काय? इंग्रजीतलं ते वाक्य ज्याला नीट वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी तो प्रश्न नव्हताच. ‘पुढे जायचं तर वाय दाबायचं’ एवढाच त्याचा अर्थ उरत होता.

पुसलं म्हणजे काय झालं?

इथे थोडं थांबून, फाईल पुसली म्हणजे चकतीवर नेमकं काय होतं ते बघू. ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. पुस्तकं फडताळात असतात आणि कोणतं पुस्तक कुठे आहे त्याची सूची वेगळी असते. डॉस फाईल पुसताना फडताळाला हातच लावत नसे. सूचीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरावीक संकेत लिहायचा आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवायची, इतकंच. हा संकेत म्हणजे २२९ ही संख्या. सोळाच्या पायाच्या पद्धतीत ती ‘ई५’ अशी लिहितात. तिचा उगमही गमतीचा आहे. आठ इंची कोऱ्या चकत्या कारखान्यातून येत त्या याच संकेताने भरलेल्या असत. त्यामुळे डॉसच्या आधीच्या ‘सीपी/एम’ प्रणालीने ‘ई५ म्हणजे रिकामं’ असं मानलं आणि डॉसने ते तसंच उचललं.

म्हणजे पुसलेल्या फाईलचं फक्त पहिलं अक्षर गेलेलं असतं. मजकूर जागेवर असतो, दुसरी फाईल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत. हे ओळखून पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. तो इतका चालला की १९९१ मध्ये आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही आज्ञाच देण्यात आली. ती वापरणाऱ्याला विचारी : या नावाचं पहिलं अक्षर काय होतं? सातबाऱ्यावरचा कंस संगणकात नकळत आलेला होता, तो आता ओळखून वापरला जाऊ लागला.

एक इशारा इथेच द्यायला हवा. अलीकडच्या एसएसडी प्रकारच्या साठवणीत फाईल पुसली की ‘ही जागा आता नको’ असं चकतीलाच कळवलं जातं आणि ती आपल्या सवडीने जागा खरोखर रिकामी करते. त्यामुळे पुसलेलं परत आणण्याचे जुने प्रोग्रॅम तिथे बहुधा उपयोगी पडत नाहीत.

कचरापेटीची कल्पना

नकळत उरलेल्या मजकुरावर भिस्त ठेवण्यापेक्षा तो मुद्दाम जपून का ठेवू नये? अ‍ॅपल कंपनीच्या १९८३ च्या ‘लिसा’ आणि १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ या संगणकांत पडद्यावर कचरापेटीचं चित्र होतं. फाईल टाकायची म्हणजे पेटीत ठेवायची. पेटी रिकामी होईपर्यंत ती उचलून परत आणता येई. सुरुवातीला मॅकिंटॉश ही पेटी कधीकधी आपणहून रिकामी करत असे. १९९१ च्या सातव्या प्रणालीपासून मात्र माणसाने सांगितल्याशिवाय ती रिकामी होत नसे, आणि रिकामी करताना येणारा इशारा बंद करायची सोयही तिथे होती. १९९५ मध्ये विंडोजने हीच कल्पना ‘रिसायकल बिन’ नावाने घेतली.

पण विंडोजने एक विचित्र गोष्ट केली. फाईल पेटीत टाकताना, म्हणजे जिथून ती सहज परत येते तिथेही, प्रश्न विचारणं चालू ठेवलं. पेटी रिकामी करताना तर विचारायचंच. पहिल्या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा “हो” म्हणणारा माणूस दुसऱ्या प्रश्नालाही त्याच हाताने, त्याच वेगाने “हो” म्हणू लागला. निरुपद्रवी प्रश्नाने धोक्याच्या प्रश्नाची धार घालवली.

प्रश्न का चुकतो?

हे का होतं याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८३ साली माणसाच्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की “नक्की ना?” हा प्रश्न चुकीच्या क्षणी विचारला जातो. माणसाने पुसायचं ठरवलेलंच असतं. त्याची चूक ‘पुसणं’ ही नसते, ‘ही’ फाईल निवडणं ही असते. प्रश्न आला की तो मनात म्हणतो, “हो, पुसायचंय ना!” आणि कृतीला संमती देतो. फाईलच्या नावाकडे पाहतच नाही. चूक लक्षात येते ती काही क्षणांनी, किंवा काही दिवसांनी. तोवर प्रश्न निघून गेलेला असतो.

मॅकिंटॉशचा प्रकल्प १९७९ मध्ये सुरू करणारे जेफ रास्किन यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात याला सवयीचं कारण जोडलं. एखाद्या कृतीमागोमाग दर वेळी दुसरी कृती करावी लागली, की मन त्या दोन्ही मिळून एकच कृती करून टाकतं. सायकल शिकताना पायडल आणि हॅंडल वेगळं सांभाळावं लागतं, नंतर ते एकच होऊन जातं. तसंच ‘डिलीट-एंटर’ हा एक शब्द होतो. प्रश्नाचं उत्तर दर वेळी एकच असेल तर तो प्रश्न कुणी वाचणार नाही, मग त्याची अक्षरं कितीही मोठी करा. उपाय एकच, केलेलं मागे घेता आलं पाहिजे.

‘मागे घेण्या’ची आज्ञा तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या एका मजकूर-संपादकात ती होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधनकेंद्रात १९७४ साली झालेल्या ‘ब्राव्हो’ मध्येही होती. अल-उक्लिदिसीचीच ही वाट : पुसायचं नाही, मागची पायरी जपून ठेवायची. फक्त त्यासाठी जास्त जागा लागते. १९७० च्या दशकात साठवणीची जागा अतिशय महाग होती, म्हणून प्रश्न विचारून भागवलं गेलं. जागा स्वस्त होत गेली तसतसे प्रश्न कमी झाले आणि ‘मागे घ्या’ वाढलं. आजच्या फोनमध्ये काढून टाकलेली छायाचित्रं महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस वेगळी ठेवलेली असतात. पाठवलेली ई-मेल काही सेकंदांत परत घेता येते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही चुकून स्वतःपुरता पुसलेला निरोप पाच सेकंदांत परत आणण्याची सोय दिली.

जिथे मागे घेता येत नाही

मग सगळेच प्रश्न बंद करावेत का? नाही. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी अमेरिकेच्या हवाई बेटांवर सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा झळकला. इशारा खोटा होता. पाठवण्यापूर्वी संगणकाने कर्मचाऱ्याला विचारलं होतं आणि त्याने “हो” दाबलं होतं. तो बेसावध नव्हता. हा सराव नसून खरा हल्ला आहे असाच त्याचा समज झाला होता. ज्याचा समजच चुकला आहे त्याला कितीही वेळा विचारलं तरी तो “हो”च म्हणणार. चूक झाल्याचं कळवणारा निरोप पाठवायची सोय आधी तयार ठेवलेली नव्हती, त्यामुळे लोकांना खरं कळायला ३८ मिनिटं लागली. त्यानंतर असा इशारा पाठवताना दोन माणसांची संमती लागेल असा नियम झाला. मोऱ्याच्या दुहेरी कुलपाकडे जग परत आलं, असं म्हणायला हरकत नाही.

संगणकाचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या ‘गिटहब’ या संकेतस्थळावर आखखं भांडार पुसायचं असेल तर त्याचं नाव स्वतः टंकावं लागतं. नॉर्मन यांच्या आक्षेपाला हे चांगलं उत्तर आहे. नाव टंकताना तरी ते वाचावंच लागतं, आणि दर भांडाराचं नाव वेगळं असल्याने हाताला सवय लागत नाही.

शाळेत काय करावं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. संगणकाच्या स्वतःच्या चकतीवर, रिसायकल बिन चालू असताना, ‘पेटीत टाकू का?’ हा प्रश्न बंद केला तर बिघडत नाही. उलट जो प्रश्न उरतो, म्हणजे पेटी रिकामी करतानाचा, त्याला थोडं वजन येतं. पण पेन ड्राइव्हवरून किंवा जाळ्यातल्या दुसऱ्या संगणकावरून पुसलेली फाईल सहसा पेटीत जात नाही, सरळ नाहीशी होते. ‘शिफ्ट’ धरून ‘डिलीट’ दाबलं तरी तसंच. अशा जागी येणारा प्रश्न चालूच ठेवावा. आणि जनरल रजिस्टर, निकालपत्रकं, हजेरी यांची एक प्रत वेगळ्या जागी असल्याशिवाय कुठलाच प्रश्न बंद करू नये. ती प्रत उघडते का, हेही अधूनमधून तपासावं. पिक्सारमध्ये प्रती होत्या, पण कुणी तपासल्या नव्हत्या.

याची दुसरी बाजूही आहे. शाळेचा जुना संगणक भंगारात देताना मुलांची माहिती ‘डिलीट’ करून भागत नाही. जुन्या प्रकारच्या चकतीवर सूचीतलं नाव जातं आणि मजकूर राहतो, हे आपण पाहिलं. तिथे संपूर्ण चकतीवर दुसरं काही लिहून घ्यावं किंवा चकती काढून मोडून टाकावी.

वर्गात हा प्रयोग करून बघा. फळ्यावर एकामागून एक वीस शब्द लिहा. प्रत्येक शब्दानंतर विचारा, “पुसू का?” मुलांनी एका सुरात “हो” म्हणायचं आणि तुम्ही पुसायचं. वेग वाढवत न्या. मधेच कुठेतरी, समजा सतराव्या जागी, ‘उद्याची सुटी’ असं लिहा. किती मुलं “हो” म्हणतात ते मोजा. मग हाच खेळ दुसऱ्या तुकडीत वेगळ्या रीतीने खेळा : प्रश्न विचारायचा नाही, पण पुसलेला प्रत्येक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कंस करून ठेवायचा. दोन्ही तुकड्यांत सुटी कुठे वाचली, आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.